माती किती वाजता

आमचे अण्णा व्हिडिओ डोळे मिटून बघायचे.

आम्ही कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवायचो. ते खुर्चीत जरा खाली सरकायचे, दोन्ही हात पोटावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. व्हिडिओ संपला तरी लगेच उघडायचे नाहीत. नवख्या माणसाला वाटायचं, मालक झोपले. मग सावकाश आवाज यायचा, "बाई खोटं हसली." किंवा, "मागं कुत्रं भुंकतंय त्ये बरं हाय, त्येला काढू नका."

एकदा बेळगावातल्या शहापूरच्या विणकरांवर आम्ही फार मेहनतीनं एक व्हिडिओ केला. मागाची खटखट कानाला टोचते म्हणून तिच्या जागी बासरी घातली. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "माग कुठं गेला?" आम्ही म्हटलं, हा काय, समोर दिसतोय की. "दिसाय काय, कॅलेंडरात देव बी दिसतोय," म्हणाले. बासरी निघाली, खटखट परत आली. तो व्हिडिओ पिंपरीपासून दुबईपर्यंत बघितला गेला. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं की मोबाईल उशाला ठेवून हे ऐकत झोपलो, पुष्कळ दिवसांनी गाढ झोप लागली.

इंटरनेटवर धंदा उभा केलेला माणूस असा असतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मी निपाणीची. आई विड्या वळायची, आजोबांनी तंबाखूच्या वखारीत पोती उचलली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी न लाजता सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. अण्णांच्या बेळगावच्या ऑफिसात नोकरी मागायला गेले तेव्हा प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेलं होतं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका टायरच्या दुकानावर ते ऑफिस होतं. अण्णांनी मला बसवलं आणि विचारलं, "काल सपनात काय आलतं?"

मला रागच आला. मी म्हटलं, "मी पदवी घेतलीय. ती आधी बघा. स्वप्नं सांगायला मी आलेली नाही."

माणूस चिडला नाही. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं, खुर्चीतून उठून उभे राहिले आणि उभ्यानं ते मोठ्यानं वाचलं. माझं नाव, विद्यापीठाचं नाव, श्रेणी, अगदी खालच्या सहीपर्यंत. सारं ऑफिस ऐकत होतं. माझं नाव इतक्या मानानं तोवर कुणी घेतलं नव्हतं. मग पाकीट परत देऊन ते बसले आणि म्हणाले, "वाचलं. आता सपान सांगा."

मी सांगून टाकलं. वखारीत गुडघाभर पाणी भरलंय आणि आजोबा तंबाखूच्या पोत्यावर बसून नावेसारखे चाललेत, असं मला पडलं होतं. "कुणीकडं चालले होते?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, ते दिसलं नाही. "बरं. दिसंल कवातरी. उद्यापासनं या."

नंतर कळलं की तिथली रोजची मीटिंग अशीच सुरू व्हायची. बातम्या नंतर, आधी स्वप्नं. कोण म्हणायचा दात पडले, कोणाच्या स्वप्नात मेलेली म्हैस दारात उभी राहायची. हे ऐकायला येणारा नवा जाहिरातवाला गोंधळून जायचा. त्यात कॉम्प्युटरना गावांची नावं. "गुंजी हँग झालीय," "खानापूर तापलंय, पंखा लावा," "निपाणीला माऊस न्हाय" अशी आमची बोलणी चालायची. एकदा निपाणीचा एक सरकारी माणूस ऑफिसात बसला असताना कुणीतरी आतून ओरडलं की निपाणी बंद पडली. त्या बिचाऱ्यानं लगेच घरी फोन लावला.

अण्णांना खरेदी-विक्रीचं बोलणं कन्नडमध्ये सुचायचं, राग हिंदीत यायचा आणि बाकी सारं आमच्या बोलीत. स्वतःच्या मोबाईलला त्यांनी आईच्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून घेतली होती. वाजला की पिशवीची नाडी सोडेपर्यंत पुष्कळदा बंद व्हायचा. "ज्येला खरंच बोलायचं असतंय त्यो परत करतोय," म्हणायचे.

त्यांची सुरुवात निपाणीत रिक्षावर झाली. टपावर भोंगा बांधायचा आणि गल्लीगल्लीतून ओरडत जायचं, कधी नवा सिनेमा, कधी साड्यांचा सेल, कधी कुणाचं निधन. आमच्याकडं अंत्ययात्रेला माती म्हणतात. 'मातीला जायचंय' म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही, वाट सोडतात. अण्णा सांगायचे, सिनेमाचं ओरडत गेलं तर दारात बसून विड्या वळणाऱ्या बायकांचे हात चालूच असायचे. साड्यांचं ओरडलं तर माना वर व्हायच्या, पण हात चालू. 'अमुक गल्लीतले अमुक वारले, माती चार वाजता' म्हटलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे हात थांबायचे. "तवाच मला कळलं बघ, बातमी म्हंजे काय त्ये."

मग केबल आली. ह्या घराच्या कौलावरून त्या घराच्या पत्र्यावर वायरी टाकत त्यांनी निपाणी पालथी घातली. कुणाच्या छपरावर काय वाळत घातलंय हे त्यांना पाठ होतं. त्यानंतर नेट कॅफे. तिथं पोरं निकाल बघायला आणि नोकरीचे अर्ज भरायला यायची. पण अण्णा आधी प्रत्येकाला आकाशातून काढलेल्या नकाशात त्याचं घर शोधून दाखवायचे. मागं रांग खोळंबलेली असायची. एक म्हातारी आपल्या घराचं छप्पर आणि त्यावरच्या गोवऱ्या पडद्यावर बघून म्हणाली, शेणी भिजतील, पोरानं झाकल्या न्हाईत. त्या म्हातारीचं अण्णांना फार कौतुक. कॅफेतून पुढं पोर्टल निघालं, पोर्टलचं ॲप झालं, पगारी माणसं आली, ऑफिस बेळगावला हललं. लोक त्यांना यशस्वी म्हणू लागले. सत्काराला बोलवायचे. तिथं हे शाल गुंडाळून पेंगायचे.

पण त्यांना खरोखर पाहिजे होतं ते वेगळंच. त्याला ते 'गावाचं पान' म्हणायचे. सीमेवरच्या प्रत्येक गावाचं, वाडीचं एक पान. कुठंही असलेल्या माणसानं ते उघडावं आणि त्याच्या गावात ह्या घडीला काय चाललंय ते त्याला ऐकू यावं. पिठाची गिरणी, शाळेची घंटा, एसटीचा हॉर्न, देवळातलं बोलणं. गुंजीच्या स्टेशनवर आम्ही एक कॅमेरा बसवला होता. दिवसातला बहुतेक वेळ त्यात काहीच घडायचं नाही. रूळ, झाडी, एखादा कावळा. तरी ते उघडून बसणारी माणसं होती. "मला सपान पडलं," एका सकाळी अण्णा म्हणाले होते, "निपाणीत टाकलेल्या माझ्या सगळ्या वायरींना दोडक्याची पिवळी फुलं आल्यात आणि माणसं खाली उभी राहून वर बघाय लागल्यात." ते हे सांगत असताना खालच्या दुकानात टायरवर घण पडत होता, पण आम्हाला ती फुलं दिसली.

दोन-तीन गावांपलीकडं आमची ऐपत नव्हती. आणि म्हणूनच बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं पोर्टल विकत घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा अण्णा हरखून गेले. कंपनीनं कबूल केलं होतं की गावाचं पान ते करतील, सगळ्या सीमाभागाचं करतील, आणि ते काम अण्णाच बघतील. अण्णांनी नवा शर्ट शिवला. सहीला माणसं येणार त्याच्या आधीचे काही दिवस ते ऑफिसात स्वतःशीच गावांची नावं घेत फिरायचे, ज्वारी निवडत बसलेली बाई गुणगुणते तसे.

आता निधन वार्तेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

आमच्या पोर्टलवर सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते निधन वार्तेचं पान. त्याचे अण्णांनी घालून दिलेले नियम होते. जाहिरात नाही. पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्येकाचा फोटो एकाच आकाराचा. नावामागं पुढं काही लावायचं नाही, ना साहेब, ना सरकार, ना समाजभूषण, ना कुठलं टोपणनाव. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गल्ली, मातीची वेळ, बस. आणि शेवटचा नियम असा की घरच्यांनी सांगितल्याशिवाय टाकायचं नाही आणि घरच्यांनी सांगितल्याशिवाय काढायचं नाही. माझे आजोबा गेले तेव्हा त्यांचा फोटो एका कारखान्याच्या चेअरमनच्या फोटोशेजारी लागला होता. तेवढाच मोठा. तेवढ्याच अक्षरांत. आमच्या वस्तीतल्या माणसाचं नाव त्याआधी कधी कुठं छापलं गेल्याचं मला आठवत नाही. मी ते पान आईला दाखवलं. तिनं पदरानं मोबाईलची काच पुसली.

तर कंपनीची माणसं यायच्या दिवशी सकाळीच शहापूरहून फोन आला. तिथल्या एका गल्लीतले किराणा दुकानवाले वारले होते. लेक सोलापूरहून यायची होती म्हणून माती संध्याकाळी ठेवली होती. फोटो सापडत नव्हता, नंतर पाठवतो म्हणाले. आमचे डिझायनर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना रिकामी चौकट बघवायची नाही. त्यांनी जुन्या साठ्यात नाव शोधलं. नाव सापडलं, वडलांचं नाव तेच, आडनाव तेच, गल्लीही तीच. चेहरा उचलला आणि लावला. तो चेहरा मागाच्या व्हिडिओतल्या एका विणकराचा होता. त्या गल्लीत एकाच नावाची दोन माणसं होती. गल्ली एकाला दुकानवाले म्हणायची आणि दुसऱ्याला मागवाले, म्हणून तिथं कधी घोटाळा व्हायचा नाही. आमच्या नियमात दुकानवाले आणि मागवाले बसत नव्हतं.

अण्णा नवा शर्ट घालून आले, खुर्चीत बसले, आणि जिन्यावरून मागवाले वर आले. पांढरा लेंगा, टोपी, हातात छत्री. डिझायनर उठून उभे राहिले आणि परत बसले. मागवाल्यांनी सगळ्या ऑफिसवर नजर फिरवली.

"मी मेलोय म्हणं," ते म्हणाले. "कवा मेलो तेवढं सांगा. घरात इचाराय लागल्यात."

कुणी हसलं नाही. अण्णांनी त्यांना आपली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि म्हणाले की चूक आमची आहे, तुमचं घर आणि दुकानवाल्यांचं घर, दोन्हींची माफी मागायला मी येतो. चहा आला. मागवाल्यांचा राग चहाबरोबर जरा निवला. सकाळपासून कोण कोण रडत आलं ते सांगताना त्यांना थोडी गंमतही वाटत होती. अण्णांनी विचारलं, काढू न्हवं? "काढा की," मागवाले म्हणाले, "न्हायतर काय तेराव्यापतोर ठेवताय?"

मी काढायला बसले तेवढ्यात फोन वाजला. एका बाईचा आवाज होता, मागं कुठंतरी घंटी वाजत होती.

"गुंजीहून बोलतीय," ती म्हणाली. "ह्येंच्या थोरल्या भावाचं बघितलं मोबाईलात. नुसतं संध्याकाळी लिवलंय. माती किती वाजता हाय? हे निघाल्यात दुपारच्या गाडीनं. तेवढं तोंड बघंपतोर थांबा म्हणावं, बाई. आईच्या वक्ताला कुणी थांबलं न्हाय."

मी फोनवर हात ठेवला आणि समोर बसलेल्या माणसाला सांगितलं की तुमची भावजय आहे, तुमचा भाऊ तुमच्या मातीला निघालाय.

मागवाल्यांनी बशी खाली ठेवली. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी जे सांगितलं ते असं. धाकटा रेल्वेत लागून गुंजीला गेला. आई गेली तेव्हा त्याला निरोप पोचायला उशीर झाला. इकडं गल्लीतले जाणते म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकूया. ह्यांनी ऐकलं. धाकटा आला तेव्हा सगळं संपलं होतं. तो स्मशानातूनच परत फिरला. घराची पायरी चढला नाही, त्यानंतर कधीच नाही. पोरांची लग्नं झाली, एकमेकांकडं पत्रिका गेल्या नाहीत. ह्यांना वाटायचं त्यानं यावं, त्याला वाटायचं ह्यांनी बोलवावं.

"तिला न्हाय म्हणू नका," मागवाले मला म्हणाले. मग अण्णांकडं वळले. "संध्याकाळपतोर ऱ्हाऊ द्या मला मेलेला."

मी फोनवरचा हात काढला आणि म्हणाले, "या म्हणावं. थांबतील." त्यात खोटं काही नव्हतं.

नेमकी त्याच वेळी कंपनीची माणसं आली, एक जण आणि एक बाई. दोघंही सभ्य, नीटनेटके. विमानतळावरून येतानाच त्यांनी ॲप उघडून पान बघितलं होतं आणि आता त्यातला मेलेला माणूस समोर चहा पिताना बघत होते. त्यांनी विचारलं, अण्णांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो माणूस म्हणाला की चूक कुणाचीही होते, पण कळल्यावरही खोटी बातमी ठेवायची म्हणजे काय? लोकांचा विश्वास विकत घ्यायला आम्ही आलोय, आणि तोच तुम्ही आमच्यासमोर मोडताय. संध्याकाळच्या विमानानं आम्हाला जायचंय. त्याआधी हे काढा, आम्ही सही करतो. नाही काढलं तर वर काय सांगायचं ते आम्हाला कळत नाही.

मला तो माणूस बरोबर वाटला. आजही वाटतो. मी अण्णांना तसं तोंडावर म्हटलं, आणि हेही म्हटलं की दुकानवाल्यांच्या घरचं काय? त्यांच्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचं तोंड दिवसभर ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

"खरं हाय," अण्णा म्हणाले. "त्या घरला इचारूया. त्यांनी न्हाय म्हटलं तर हितल्या हितं काढायचं." आणि पाहुण्यांना म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय, साहेब. पण ते पान त्यांच्या घरचं हाय, माझं न्हाय." पाहुण्यांना ऑफिसात बसवून, डिझायनरना त्यांच्या जेवणाचं बघायला सांगून, अण्णा, मी आणि मागवाले एका रिक्षात बसून शहापूरला गेलो. नवा शर्ट रिक्षाच्या दाराला घासून काळा झाला.

दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. आत ओट्यावर दुकानवाले निजवलेले, भोवती बायका. अण्णा त्यांच्या बायकोसमोर जमिनीवर बसले आणि डोकं खाली घालून सांगू लागले. चूक सांगितली, गुंजीचा फोन सांगितला, तुम्ही म्हणाल तसं करतो म्हणाले. त्या आजींनी सगळं ऐकून घेतलं. दारात उभ्या असलेल्या मागवाल्यांकडं बघितलं.

"आमचे मालक धाकट्याला आणाय गुंजीला जाऊन आलते," त्या म्हणाल्या. "त्येच्या पाया पडतो म्हणाले, ये म्हणाले. ऐकला न्हाय त्यो." मग निजवलेल्या मालकांकडं हात केला. "आता ह्येंच्या नावानं येत असंल तर येऊ दे की. आमचं माणूस कोण गेलंय ते आमास्नी ठावं हाय."

त्यानंतरची दुपार मला आजही स्वप्नातली वाटते. दुकानवाल्यांसाठी गल्लीतले सगळे माग बंद होते. नेहमी खटखटीनं भरलेली ती बोळ इतकी शांत की कुणाच्या तरी घरात भांडं ठेवलेलं ऐकू यायचं. दोऱ्यांवर रंगवलेलं सूत वाळत होतं, लाल, मोरपंखी, हळदी, आणि वारा आला की सगळी गल्ली एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. मागवाले आपल्या कट्ट्यावर बसून होते. अधूनमधून लांबचं कुणीतरी हार घेऊन यायचं, त्यांना बघून दचकायचं, आणि ते शांतपणे म्हणायचे, "मी हाय अजून. दुकानवाले गेल्यात, पलीकडं जावा." एक बाई तरी रडलीच. म्हणाली, रडायचं मनात धरून आले होते, आता थांबत न्हाय.

अण्णा त्यांच्याशेजारी बसले होते. ऑफिसातून डिझायनरचे फोन येत होते, पाहुणे घड्याळ बघताहेत म्हणून. मी अण्णांना विचारलं, गावाचं पान हातचं गेलं तर वाईट नाही वाटणार?

"लई," अण्णा म्हणाले. आणि पुष्कळ वेळानं परत म्हणाले, "लई वाईट वाटंल बघ."

त्या कंपनीचं ॲप पुढं फार मोठं झालं. मी ते कधीतरी उघडते. त्यात आमच्याकडच्या गावांचं असं काही नाही. अण्णा आता निपाणीला असतात, धंदा सोडलाय. पोर्टल आमच्यातलीच दोघं-तिघं चालवतात. मी बेळगावातच एका कॉलेजात मुलांना पत्रकारिता शिकवते, आणि चुकीची बातमी कधी काढून टाकावी हा धडा आला की माझी गाडी अडते. पुस्तकातलं उत्तर मला माहीत आहे. ते मी फळ्यावर लिहिते.

त्या दिवशी उन्हं भिंतीवर चढली तेव्हा धाकटा गल्लीत आला. खाकी पँट, पायात रेल्वेचे जाड बूट, हातात कापडी पिशवी. खाली बघत चालत होता. कट्ट्यापाशी आल्यावर त्यानं पाय ओळखले असावेत, कारण थांबला तो पायांकडंच बघून. मग सावकाश मान वर केली. गल्लीतले सगळे बघत होते. मला भीती वाटली की आता हा रागानं फिरून जाईल, त्याला फसवलं असं वाटेल. त्याचा जबडा तसा हललाही.

"तोंड बघाय आलतो," तो म्हणाला.

"बघ की मग," मागवाले म्हणाले.

त्यानं बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे ते ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. शेवटी धाकटा खालच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"हार आणलाईस?" थोरल्यानं विचारलं.

"व्हय."

"चल. दुकानवाले गेल्यात. त्येंच्या मातीला घालूया."

मी मोबाईल काढला. मागवाल्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. दुकानवाल्यांच्या मुलानं तोपर्यंत एका लग्नातला फोटो शोधून ठेवला होता. मी तो चेहरा बसवला आणि खाली दोन ओळींत चूक कबूल केली. लेक सोलापूरहून पोचली होती. तिरडी उचलली गेली. अण्णा गर्दीच्या मागच्या बाजूला, चपला हातात घेऊन चालायला लागले. त्यांच्या पिशवीत मोबाईल वाजला, बंद झाला, आणि परत वाजला. त्यांनी नाडी न सोडताच पिशवी माझ्या हातात दिली.

"त्यास्नी सांग, मातीला गेल्यात म्हणून."

फोनवर कंपनीचा तो माणूस होता. ते सांब्र्याच्या विमानतळावर पोचले होते. मागं कसल्या तरी सूचना चालल्या होत्या. मी त्याला इंग्रजीत, चांगल्या इंग्रजीत सांगितलं की साहेब अंत्ययात्रेला गेलेत, आता बोलू शकणार नाहीत. कुणाच्या, त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट.

तो म्हणाला, पण ते तर जिवंत आहेत ना? सकाळी आमच्यासमोर चहा पीत होते.

मी गल्लीच्या टोकाकडं बघितलं. तिथं वळणावर खांदा बदलत होते. पुढच्या दांडीला एका बाजूला मागवाले लागले, दुसऱ्या बाजूला अनवाणी धाकटा.

"हो," मी म्हणाले, "तेही मातीलाच आलेत."